अपस्मारग्रस्तांसाठी निधी : सामान्य माणसाला काय करता येईल?

कोल्हापूर शहराच्या वायव्येस सुमारे १७ किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरी या गावी जोतिबाचा डोंगर आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला तेथे महाराष्ट्रातून आणि उत्तर कर्नाटकातून लाखो भाविक येतात. उंच सासनकाठ्या, गुलाल, खोबरे, दवणा आणि 'चांगभलं'चा गजर हे या यात्रेचे सर्वांना ठाऊक असलेले रूप होय. कोल्हापूर जिल्हा २००५ साली स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात मोडतो, त्यामुळे आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी ही यात्रा शेजारधर्माच्या नात्याने जवळून पाहिली आहे.

यात्रेचे दुसरे रूप मात्र तितकेसे लिहिले जात नाही. डोंगराच्या वाटेवर गायमुख येथे कोल्हापूरच्या सहजसेवा ट्रस्टतर्फे यात्रेकरूंसाठी मोफत अन्नछत्र चालते. घाटात दुचाकी दुरुस्त करणारे मिस्त्री वाटसरूंची वाहने विनामूल्य नीट करून देतात. कोणी पाणी वाटतो, कोणी ताक, तर डॉक्टर मंडळी प्रथमोपचार केंद्र सांभाळतात. यांतील प्रत्येक जण आपल्या हातात जे आहे तेच देतो. स्वयंपाक्याने रांधावे, मिस्त्रीने पंक्चर काढावे, अशी ही साधी वाटणी आहे.

अपस्मार, म्हणजेच बोलीभाषेतील फेफरे, मिरगी, आकडी किंवा 'फिट येणे', या आजाराच्या रुग्णांसाठी एकेका व्यक्तीला निधी कसा उभारता येईल, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत. त्यासाठी जोतिबाच्या वाटेवरील ही रीत आम्हाला मार्गदर्शक वाटते.

निधीची गरज कशासाठी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के लोक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान व औषधोपचार मिळाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असेही ही संघटना सांगते. औषधे महाग असलीच पाहिजेत असे नाही. १९१२ सालापासून वापरात असलेले फेनोबार्बिटोन हे औषध आजही अत्यंत स्वस्त आहे. गरीब देशांत मूलभूत औषधांचा खर्च माणशी वर्षाला अवघ्या ५ डॉलरपर्यंत खाली आणता येतो, असा याच संघटनेचा हिशेब आहे.

मग पैसा कोठे लागतो? तो गोळीभोवतीच्या गोष्टींना लागतो. डोंगराळ वाडीवरून शहरातील मेंदूविकारतज्ज्ञापर्यंत जाण्याचे बसभाडे, त्या दिवशीची बुडालेली मजुरी, मेंदूचा विद्युत आलेख आणि एमआरआय या तपासण्या, आणि मुख्य म्हणजे एकही दिवस खंड न पडता अनेक वर्षे चालणारा औषधांचा पुरवठा. अपस्माराचे औषध मध्येच अचानक बंद केले तर झटके पुन्हा उद्भवतात, कधी कधी ते थांबतच नाहीत आणि प्राणावर बेतते. महिनाअखेरीस पैसे संपले म्हणून आठ दिवस गोळ्या न घेणाऱ्या रुग्णाचे सर्व उपचार त्या आठ दिवसांत वाया जाऊ शकतात.

याहून मोठा अडथळा लपवणुकीचा आहे. घरातील मुलीला झटके येतात हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून तिला दवाखान्यात न नेणारी कुटुंबे आजही आहेत. या भीतीमागे कायद्याचा व परंपरेचाही हात होता. हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांत अपस्मार हा विवाहातील अडसर म्हणून नोंदलेला होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकण्यात आला. आपल्या ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या धर्मनियमसंहितेतही अपस्माराचा रुग्ण धर्मगुरुपदाच्या दीक्षेस अपात्र मानला गेला होता. १९८३ च्या संहितेत तो उल्लेख राहिलेला नाही. नियम बदलले, तरी मनातील किंतु तेवढ्या वेगाने गेला नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, अपस्मारासाठी निधी गोळा करताना पैसा जितका महत्त्वाचा, तितकीच तो गोळा करण्याची रीत महत्त्वाची आहे. गुपचूप दिलेल्या देणगीतून एका रुग्णाला औषध मिळते. चारचौघांत, आजाराचे नाव घेऊन गोळा केलेल्या रुपयातून औषध मिळतेच, शिवाय गावातील भीतीही कमी होते. पुढील मार्ग निवडताना आम्ही ही दुहेरी कसोटी लावली आहे.

१. औषधाची वाटी

रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. गरीब विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या गृहिणींनी दळणातून मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावे, असा 'मुष्टिफंड' संस्थेने चालवला. त्याआधी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव येथे काचकारखाना सुरू झाला. थेंबाथेंबाने निधी साठवण्याची ही आपलीच परंपरा आहे.

तिला अनुसरून देवघराजवळ किंवा प्रार्थनेच्या जागी एक वाटी ठेवावी आणि घरातील सर्वांनी मिळून रोज त्यात एक रुपया टाकावा. एका घराचे वर्षाला ३६५ रुपये होतात, तर शंभर घरांचे ३६,५०० रुपये. वाटीवर 'अपस्माराच्या औषधासाठी' असे स्पष्ट लिहावे. घरी येणारा पाहुणा त्याविषयी विचारील आणि ज्या आजाराचे नाव घेतले जात नव्हते, त्यावर बोलणे सुरू होईल.

२. आपल्या व्यवसायाचा एक दिवस

घाटातील मिस्त्रींचे अनुकरण कोणालाही करता येईल. शिंप्याने महिन्यातील एका दिवसाची शिलाई, रिक्षाचालकाने एका दिवसाचे भाडे, शिकवणी घेणाऱ्याने एका वर्गाचे शुल्क, केशकर्तनालयाने एका सकाळची कमाई या कामासाठी द्यावी. आदल्या आठवड्यात दुकानावर तशी पाटी लावावी. गिऱ्हाईक मुद्दाम त्या दिवशी येते आणि ठरलेल्या रकमेहून थोडे अधिक देऊन जाते.

३. चप्पल पायात घालण्यासाठी

झटका आलेल्या माणसाच्या नाकाशी चप्पल किंवा फोडलेला कांदा धरण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र आहे. तिचा काडीमात्र उपयोग होत नाही. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय चपलेला मिळते.

कोल्हापूर हे चपलांचे गाव. येथील एखाद्या विक्रेत्याने प्रत्येक जोडामागे पाच रुपये अपस्मार निधीला द्यावेत आणि खोक्यात एक चिठ्ठी ठेवावी : 'ही चप्पल पायात घालण्यासाठी आहे. फिट आलेल्या व्यक्तीच्या नाकाशी धरू नये.' चिठ्ठीच्या मागील बाजूस प्रथमोपचाराच्या चार ओळी छापाव्यात. कांदे-बटाटे विकणाऱ्यालाही हेच करता येईल. लोक हसतील, आणि हसत हसत जे वाचले जाते ते लक्षात राहते.

४. गूळ, काजू आणि घरचा पदार्थ

कोल्हापूरचा गूळ, सिंधुदुर्गाचे काजू, कोकम व आंबापोळी यांना मुंबई-पुण्यात कायम मागणी असते. थेट उत्पादकाकडून माल घेऊन, लहान पुड्या करून धर्मग्रामाच्या सणाला विकता येतात. नाताळच्या आधी करंज्या, केक, कुलकुले यांची मागणी आगाऊ नोंदवून घेतल्यास माल पडून राहत नाही. नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने १९८४ साली कोल्हापुरात सुरू झालेल्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' या संस्थेने सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचे काम उभे करून अपंग व्यक्तींना रोजगार दिला. या उदाहरणापासून घेण्याजोगी गोष्ट ही की, शक्य तेथे रुग्णालाच कामात सहभागी करून घ्यावे. ज्याचे झटके औषधाने आटोक्यात आहेत तो वजन करू शकतो, पुड्या बांधू शकतो, हिशेब लिहू शकतो. भट्टी, उकळते तेल आणि धारदार यंत्र यांपासून मात्र त्याला दूर ठेवावे.

५. चालणे, धावणे, खेळणे

मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. त्यात भाग घेणारे अनेक धावपटू आपल्या परिचितांना पत्रे पाठवून एखाद्या सेवाभावी संस्थेसाठी देणग्या मिळवतात. हीच गोष्ट रंकाळ्याच्या काठीही होऊ शकते. एका महिन्यात आपण शंभर किलोमीटर चालणार, असे जाहीर करावे आणि दर किलोमीटरमागे दोन-पाच रुपये देणारे दहा-वीस स्नेही गाठावेत.

कोल्हापूरचे फुटबॉलवेड तर प्रसिद्धच आहे. पेठांतील तालीम मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की शहर तेथे लोटते. एखाद्या मैत्रीपूर्ण सामन्याच्या मध्यंतरात दहा मिनिटे प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक आणि त्यानंतर प्रेक्षकांतून झोळी, असा कार्यक्रम मंडळाच्या संमतीने करता येईल. क्रिकेटप्रेमींना हे सांगण्याजोगे आहे की, दक्षिण आफ्रिकेचे नामवंत क्षेत्ररक्षक जाँटी ऱ्होड्स आणि इंग्लंडचे माजी कर्णधार टोनी ग्रेग या दोघांनाही अपस्मार होता.

६. वाढदिवस, लग्न आणि स्मृतिदिन

'आहेर आणू नये' असे पत्रिकेत छापण्याची पद्धत रुळली आहे. त्यापुढे एक ओळ अधिक घालावी : 'इच्छा असल्यास अपस्मार रुग्णांच्या औषधनिधीस मदत करावी.' लग्नपत्रिकेत हे नाव छापले जाणे याला विशेष अर्थ आहे, कारण हा आजार सर्वांत अधिक लपवला जातो तो लग्न ठरवतानाच. स्मृतिदिनी फुलांच्या हारांऐवजी एका रुग्णाच्या सहा महिन्यांच्या औषधांचा भार उचलणे हेही दिवंगतांचे उचित स्मरण ठरेल.

७. जांभळा दिवस आणि उपवासकाळ

कॅनडातील कॅसिडी मेगन या अपस्मार असलेल्या शाळकरी मुलीच्या कल्पनेतून २००८ साली २६ मार्च हा 'पर्पल डे' सुरू झाला. त्या दिवशी अनेक देशांत लोक जांभळी वस्त्रे घालतात आणि निधी गोळा करतात. ही तारीख बहुतेक वर्षी आपल्या उपवासकाळात येते आणि जांभळा हा त्या काळाचाही रंग आहे. एका शुक्रवारच्या जेवणातील बचत या कामी देण्यास याहून चांगले निमित्त कोणते? भारतात १७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन असतो. फेब्रुवारीतील दुसरा सोमवार हा २०१५ पासून आंतरराष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो. १४ फेब्रुवारीचे संत व्हॅलेंटाइन हे युरोपात शतकानुशतके अपस्मार रुग्णांचे आश्रयदाते मानले गेले आहेत, हे आपल्या तरुण-तरुणींना आवर्जून सांगावे.

यात्रेत डबा नको, सेवा असावी

जोतिबाच्या यात्रेत निधीचा डबा घेऊन फिरावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर नकारार्थी आहे. दुसऱ्या धर्माच्या भाविकांकडे त्यांच्या उत्सवात पैसे मागणे उचित नव्हे, आणि त्यातून गैरसमजही होतील. सेवा मात्र अवश्य द्यावी. यात्रेकरूंमध्ये अपस्माराचे रुग्ण असणारच. रात्रभराचा प्रवास, अपुरी झोप आणि घरी विसरलेल्या गोळ्या ही झटका येण्याची नेहमीची कारणे आहेत. उपवासामुळे गोळीही टाळली गेली तर धोका वाढतो. प्रथमोपचार शिकलेले चार स्वयंसेवक एखाद्या अन्नछत्राच्या किंवा वैद्यकीय पथकाच्या हाताखाली उभे राहिले, तर कोणाचा तरी जीव वाचू शकेल. त्यासाठी पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती, ग्रामपंचायत व पोलीस यांची परवानगी आधी घ्यावी. पथकाचे साहित्य, औषधे व पत्रके यांचा खर्च आपण आपल्या घरी जमवलेल्या निधीतून करावा.

पैसे कोणाकडे द्यावेत?

एकट्या व्यक्तीने निधी जमवावा, पण तो सांभाळावा नोंदणीकृत संस्थेने, हा नियम कटाक्षाने पाळावा. महाराष्ट्रात या क्षेत्रात अनुभवी संस्था आहेत. स्वतः अपस्माराचा अनुभव घेतलेल्या यशोदा वाकणकर यांनी २००४ साली पुण्यात 'संवेदना फाउंडेशन' हा आधारगट सुरू केला. रुग्णांच्या विवाहजुळणीचे अवघड कामही या संस्थेने हाती घेतले. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. निर्मल सूर्या यांच्या मुंबईतील 'एपिलेप्सी फाउंडेशन'ने ग्रामीण महाराष्ट्रात अनेक निदान-उपचार शिबिरे घेतली आहेत. 'इंडियन एपिलेप्सी असोसिएशन' ही देशपातळीवरील संघटना आहे. आपल्या गावातील एका रुग्णालाच मदत करायची असेल, तर पैसे हाती देण्याऐवजी औषधविक्रेत्याचे किंवा तपासणी केंद्राचे बिल थेट चुकते करावे.

निधी मागण्यापूर्वी सरकारी सोयींची चौकशी करावी. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजेच सर्वांच्या तोंडचे 'सीपीआर', आहे. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवणे बंधनकारक आहे. जेथे हक्काने मिळते तेथे दान खर्ची घालू नये.

कायद्याच्या तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, नोंदणी नसलेल्या मंडळाने लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळे ज्या 'कलम ४१ क'खाली ती घेतात, तोच नियम येथेही लागू होतो. दुसरी, आखातात वा युरोपात असलेल्या आपल्या नातलगांविषयी. ज्यांचे नागरिकत्व भारतीय आहे, ते आपल्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देऊ शकतात. ज्यांनी परकीय नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी 'परकीय योगदान' ठरते आणि २०१० च्या कायद्याखाली नोंदणी वा परवानगी असलेल्या संस्थेलाच ती स्वीकारता येते. तिसरी, सोडतीची तिकिटे विकण्याचा मोह टाळावा. परवानगीविना केलेली लॉटरी कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते.

हिशेब लेखी असावा. प्रत्येक देणगीची पावती द्यावी. मिळालेली रक्कम, झालेला खर्च व उरलेली शिल्लक धर्मग्रामाच्या सूचना फलकावर तीन ओळींत लावावी. ज्याने पाच रुपये दिले, त्यालाही तो वाचण्याचा अधिकार आहे.

रुग्णाचा मान राखावा

झटका आलेल्या मुलाचे छायाचित्र किंवा चित्रफीत दाखवून पैसे लवकर जमतात, हे खरे आहे. तरीही आम्ही त्याचा निषेध करतो. ते मूल उद्या शाळेत जाणार आहे, पुढे नोकरी शोधणार आहे. रुग्णाचे नाव, गाव वा चेहरा त्याच्या स्पष्ट संमतीविना वापरू नये. दया जागवण्यापेक्षा माहिती द्यावी : हा आजार संसर्गजन्य नाही, तो भूतबाधा नाही, तो वेडेपणा नाही, आणि बहुसंख्य रुग्ण उपचारांनी नेहमीचे जीवन जगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सुमारे एक चतुर्थांश रुग्णांचा अपस्मार टाळता येण्याजोगा असतो. डोक्याला होणारी इजा, प्रसूतीच्या वेळची हेळसांड आणि अस्वच्छतेतून पोटात जाणारी पट्टकृमीची अंडी ही त्याची काही कारणे होत. हेल्मेट आणि स्वच्छ धुतलेली भाजी हीदेखील अपस्मारासाठी केलेली मदतच आहे.

प्रत्येक पत्रकावर छापावे असे काही

झटका आल्यास घड्याळ पाहावे. आजूबाजूच्या टणक वस्तू व गर्दी दूर करावी. डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नये. झटके थांबताच रुग्णाला कुशीवर वळवावे आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत त्याच्याजवळ थांबावे. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला, लागोपाठ दुसरा आला, इजा झाली, रुग्ण पाण्यात पडला असेल किंवा स्त्री गर्भवती असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक पिता आपल्या मुलाला प्रभूकडे घेऊन येतो आणि हे मूल कधी विस्तवात तर कधी पाण्यात पडते, असे सांगतो. चूल आणि विहीर हे अपस्माराच्या रुग्णांचे धोके आजही तेच आहेत. त्या पित्याने आपल्या मुलाचा आजार भर गर्दीत, सर्वांसमक्ष सांगितला. आपल्या धर्मग्रामातील एखाद्या पित्याला तसे सांगता यावे, इतका विश्वास त्याला आपल्या सभोवती वाटला पाहिजे. म्हणून वाचकांना आमची विनंती आहे की, वर दिलेल्या मार्गांपैकी एकच निवडा, तो येत्या महिन्यात सुरू करा, आणि निधी मागताना आजाराचे नाव स्पष्ट उच्चारा.